उंची वाचणारा नासीर

ते विमान मी पाडलं, नासीरनं नाही. विमान खरं नव्हतं, कम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं. त्यात माणसं नव्हती, आणि एक बटण दाबलं की ते पुन्हा जिथल्या तिथं उभं राहायचं. हे स्वतःला सांगून सांगून मी निम्मं आयुष्य काढलं. पण खापर ज्याच्या डोक्यावर फोडलं तो मुलगा खरा होता, त्याचं घर खरं होतं, आणि त्या घरात मी दोन्ही वेळा जेवत होतो. बाकीच्या आठवणी लिहिताना मी स्वतःला थोडंफार सांभाळून घेतलं आहे. या प्रकरणात तसं करायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून मी आयटीआय करायला भद्रावतीला आलो, तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न वडिलांनी कोणाला न विचारता सोडवला होता. रफिकचाचा तरुणपणी आमच्या भागात धानगिरण्यांच्या मोटारी दुरुस्त करत हिंडायचे आणि मुक्काम पडला की आमच्या पडवीत झोपायचे. आता त्यांचं भद्रावतीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, मागं घर होतं, आणि माझ्याच वयाचा एक मुलगा होता, नासीर. वडिलांचा शब्द आईनं मोडला नाही. पण माझ्या पेटीत तिनं एक स्टीलचं ताट, वाटी आणि गडवा ठेवला, आणि यातच जेवशील, यातच पाणी पिशील, असं बजावलं. पहिल्या दिवशी मी ते ताट बाहेर काढलं तेव्हा चाची समोरच बसून वांगी चिरत होती. तिनं ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि उठून भिंतीवरच्या मांडणीत वरच्या कप्प्यावर त्याला जागा करून दिली. पुढं घरात मटण शिजलं की माझ्यासाठी छोट्या गंजात लाखोळीची डाळ वेगळी शिजायची. माझं ताट ती सगळ्यांच्या आधी, वेगळ्या राखेनं घासायची. मला वाटायचं, हे किती छान जमून गेलं. तिला काय वाटत असेल हा विचार त्या दोन वर्षांत माझ्या मनाला एकदाही शिवला नाही.

त्या घराला वास होता जळालेल्या तांब्याच्या तारेचा आणि मोटारीच्या कॉइलवर ओततात त्या व्हार्निशचा. सकाळी चाचा भट्टी लावायचे की तो वास कपड्यांत, केसांत, पोळीच्या घडीतसुद्धा शिरायचा. त्याची मला सवय झाली. सवय झाली नाही ती समोरच्या पानठेल्याची. तिथं दिवसभर खर्रा घोटणं चालायचं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला लाकडी पाटीवर घासत बसायचा, घस्स घस्स घस्स, आणि आमच्या खिडकीत तो आवाज पहाट झाल्यापासून असायचा. आमच्याकडं पोरं, बायका, शाळामास्तर, सगळे खर्रा खातात हे मला ठाऊक होतं. माझ्या घरात मात्र कोणी खात नव्हतं, आणि नासीर खायचा. गालात एक गोळा कायमचा. बोलायचं झालं तर तो हनुवटी वर उचलून, रस सांडू नये म्हणून तोंडाची वाटी करून बोलायचा. थुंकायला दाराच्या उजव्या कोपऱ्यात एक जागा ठरलेली होती. तिथली भिंत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत तपकिरी झाली होती आणि उन्हाळ्यात तिच्यावर माश्यांचा थर बसायचा. मी त्या दारातून जाताना श्वास रोखायचो. नासीरशी माझी मैत्री घट्ट होती आणि मला त्याची किळस यायची. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि दुसरी मी त्याला कळू दिली नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

कम्प्युटर नासीरनंच जमवला होता. नागपूरच्या बाजारातून एक पेटी, कोणीतरी टाकून दिलेला जाडजूड मॉनिटर, फुटपाथवर मिळालेली एक सीडी. त्या सीडीत विमान उडवायचा खेळ होता. चार दिवस आम्ही इमारतींवर विमानं आपटून हसलो, आणि कदाचित महिनाभरात कंटाळलोही असतो. पण चाचांच्या दुकानात कॉलनीतले वारंट साहेब कूलरची मोटार घेऊन आले. हे हवाई दलातून वारंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव काहीतरी निराळंच होतं, पण सगळं गाव त्यांना वारंट साहेबच म्हणायचं. इंजिनांच्या आवाजात वर्षं घालवल्यानं त्यांना फार कमी ऐकू यायचं. आमचा खेळ त्यांनी मागं उभं राहून पाहिला, आणि हे विमान चालवणं नव्हे, ही सर्कस आहे, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते काही नकाशांच्या झेरॉक्स प्रती घेऊन आले. बाहेर काहीच दिसत नसताना फक्त काट्यांवर बघून धावपट्टीपर्यंत उतरायचं कसं, त्याचे ते नकाशे होते.

पुढचं दीड वर्ष आम्ही तेच केलं. मॉनिटरच्या वरच्या अर्ध्या भागावर, जिथं आकाश आणि जमीन दिसायची, तिथं नासीर वाइंडिंगमध्ये वापरतात तो जाड पिवळा कागद चिकटवायचा. खाली उरायचे फक्त काटे. कामं वाटलेली होती. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, माझ्या हातात, कारण नासीरचा हात जड होता. तो स्टिकला शिवला की विमान दारू प्यायल्यासारखं चालायचं, म्हणून तो कधी शिवतच नसे. नकाशा आणि हिशेब त्याच्याकडं. किती हजार फूट खाली यायचं आहे त्याला तीननं गुणायचं, तितके मैल आधी उतरायला सुरुवात करायची, हा वारंट साहेबांनी दिलेला पहिला हिशेब. मग पायऱ्या: अमुक अंतरापर्यंत तीन हजार फुटांच्या खाली यायचं नाही, पुढच्या खुणेपर्यंत बावीसशेच्या खाली नाही, आणि शेवटी एक उंची, जिच्याखाली धावपट्टी दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. साहेब तिला मिनिमम म्हणायचे. उशिरा उतरायला लागलं की शेवटी घाई होते, नाक खाली घालावं लागतं, वेग वाढतो आणि सगळं बिघडतं. लवकर उतरलं तर मधल्या पायरीवर डोंगर असतो. नासीरला हे रक्तात असल्यासारखं यायचं. वारा मागून असला तर तो मला, दिवाकरला, आधीच म्हणायचा, दिव्या, आतापासूनच सोड, नाई तं जमनार नाई.

एक गोष्ट समजायला आम्हाला बरेच दिवस लागले. उंचीचा काटा उंची दाखवतो ती समुद्रापासूनची. नागपूरची जमीनच समुद्रापासून हजार फूट वर आहे, म्हणून काट्यावर दीड हजार दिसत असतील तर पायाखाली उरलेत फक्त पाचशे. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. आपल्या पायाखालची जमीन सोडून त्या न पाहिलेल्या पाण्यापासून का मोजायचं, यावर नासीरनं वारंट साहेबांशी चांगला वाद घातला होता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तो काटा खरं तर हवेचा दाब मोजतो. जिथं उतरायचं आहे तिथला त्या दिवशीचा दाब काट्यात भरून घेतला नाही, तर काटा खोटं बोलतो. दाब उतरलेला असेल तर काटा उंची जास्त दाखवतो, आणि आपण असतो त्याच्या बरंच खाली. खेळात दाब भरून घ्यायला एक बटण होतं, बी या अक्षराचं. उतरताना एका ठरलेल्या उंचीवर नासीर म्हणायचा, ‘दाब’. मी ते बटण दाबून म्हणायचो, ‘लावला’. ही आमची पद्धत.

आता त्या बटणाबद्दल. एकदा नासीर कशावरून तरी हसला आणि त्याच्या तोंडातला रस कीबोर्डवर, खालच्या ओळीच्या मधोमध सांडला. त्यानं बाहीनं पुसला. पण बटणांच्या फटींत जो गेला तो गेलाच. तिथं तो वाळला, त्यावर वाइंडिंगची धूळ बसली, आणि बी आणि त्याच्या शेजारची दोन बटणं एका चिकट तपकिरी सालीखाली गेली. मी एकदा रुमाल घेऊन पुसायला गेलो. बोट चिकटलं, सुटताना बारीकसा आवाज झाला, आणि मी तो रुमालच फेकून दिला. नंतर मी तिथं बोट लावलं नाही. ज्यानं घाण केली त्यानं साफ करावी असं मला वाटायचं, आणि ते त्याला सांगायचं धाडस, किंवा आपुलकी म्हणा, माझ्यात नव्हती. नासीर म्हणायचा ‘दाब’, आणि मी बोट बटणाच्या वर हवेत नेऊन म्हणायचो, ‘लावला’. खेळात हवा आम्ही नेहमी साधीच ठेवायचो. दाब कधी बदलत नसे, त्यामुळं काही बिघडतही नसे. असं मी कितीतरी महिने केलं.

आयटीआयचं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा वारंट साहेबांनी एक बातमी आणली. नागपूरच्या एका विमानशिक्षण संस्थेत जमिनीवरचं शिकाऊ यंत्र आलं होतं, हुबेहूब विमानाच्या केबिनसारखं, आणि ते चालवायला, शिकाऊ पायलटांना त्यावर बसवायला हाताशी एक मुलगा हवा होता. राहायची सोय, पगार, आणि शिकायला मिळेल ते वेगळं. साहेबांचा शब्द तिथं चालत होता. मुलगा एकच हवा होता. साहेबांनी सरळ सांगितलं की त्यांच्या मनात नासीर आहे, कारण हात कोणाचाही तयार करता येतो, उंचीचा हिशेब डोक्यात असावा लागतो; पण घरी येऊन एकदा दोघांना नीट बघतील आणि मग ठरवतील. रफिकचाचा त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होते, माहा पोट्टा आता भट्टीपुढं नाई बसत. मी मागच्या खोलीत ऐकत होतो. मला परत गावी जाऊन धानाच्या बांधीत, चिखलात उभं राहायचं नव्हतं. नासीरपेक्षा मला त्या जागेची जास्त गरज होती असं मी म्हणू शकत नाही. भट्टी त्यालाही नको होती.

साहेब आले ते दुपारी. भद्रावतीतला मे महिना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खोलीत चाचांनी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर आणून लावला होता, आणि तो ट्रॅक्टरसारखा धडधडत होता. आत चाची दालचा, चिंचेची आंबट डाळ, करत होती. मांसाचा मोठा गंज आणि त्याच्या शेजारी नुसत्या भोपळ्याचा माझा छोटा गंज. साहेबांनी आम्हाला बाहेर काढून खेळातली हवा स्वतः लावली, पिवळा कागद स्वतः चिकटवला, आणि आम्हाला बसवून मागं उभे राहिले. चाचा दारात उभे होते. नासीर घाबरला होता, आणि घाबरला की त्याचा खर्रा जास्त व्हायचा. गाल नुसता फुगलेला.

इतकं चांगलं आम्ही कधीच उडवलं नव्हतं. नासीरनं उतरायची सुरुवात बरोबर धरली, वारा ओळखला, मला दोनदा उतरण कमी करायला लावली. हनुवटी वर, नजर काट्यावर. ठरलेल्या उंचीवर तो म्हणाला, ‘दाब’. मी बोट बटणावर नेलं. ती साल दिसली. तिच्यात एक केस अडकलेला होता. मी म्हणालो, ‘लावला’. मग पायऱ्या आल्या, तीन हजार, बावीसशे, प्रत्येकीवर विमान काचेवर ठेवल्यासारखं सरळ. शेवटची पायरी उतरताना नासीर वाचत होता, अठराशे, सतराशे, सोळाशे. मिनिमम होतं दीड हजार. मी नाक उचलायच्या बेतात होतो. आणि स्पीकरमधून कडाड आवाज आला, पडदा थरथरला, आणि विमान जमिनीवर आदळल्याचा लाल मजकूर कागदाखालून डोकावला.

साहेबांनी वादळातली हवा लावली होती. दाब खूप उतरलेला. काटा सोळाशे म्हणत होता आणि आम्ही शेतात होतो. मला ते त्याच क्षणी कळलं. आदळल्यावर पडदा तसाच गोठून राहायचा, काटे जिथल्या तिथं, आणि सोळाशेवर थांबलेला तो काटा कोणीही पाहिला असता तर सगळं उघड होतं.

कूलरच्या आवाजात साहेबांना आमचं एक अक्षरही ऐकू गेलेलं नव्हतं, आणि आमच्या डोक्यांआड काटेही नीट दिसले नव्हते. ते वाकून मोठ्यानं म्हणाले, ‘‘मिनिमम कोणी सांगितलं नाही?’’

प्रश्न नासीरला होता. नासीर उठला. तोंड भरलेलं होतं, आणि माझ्याशी तो हनुवटी वर करून बोलायचा तसं मोठ्या माणसाशी बोलणं त्याच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. त्यानं हातानं थांबा अशी खूण केली आणि थुंकायला दाराबाहेर गेला. चूळ भरून यायला लागतो तेवढाच वेळ. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, ‘‘त्याचं तोंड भरलं होतं, साहेब. त्यानं सांगितलंच नाही.’’

आणि मी हात लांब करून खेळ पुन्हा सुरू करण्याची बटणं दाबली. पडदा पुसला गेला, साहेबांनी लावलेली हवाही गेली, विमान धावपट्टीवर कोरं करकरीत उभं राहिलं. घाईत माझा तळवा त्या सालीवर घासला गेला होता. चिकटलं होतं काहीतरी. त्या वेळी मला किळस आली नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. बोटभर सालीला घाबरून ज्यानं इतके महिने थापा मारल्या, त्याला खोटं झाकायच्या वेळी ती साल जाणवलीसुद्धा नाही.

नासीर तोंड पुसत आत आला तो पडद्याकडं बघतच. त्याला काटा दाखवायचा होता. सोळाशेवरचा काटा आता तिथं नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. साहेबांनी माझे शब्द मोठ्यानं चाचांना सांगितले होते, आणि तो बोलायला लागला तोवर चाचा दारातून पुढं आले होते. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांनी नासीरच्या शर्टच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी ओढून काढली आणि साहेबांसमोर जमिनीवर आपटली. त्याच्या तोंडाला बाहेरच्या कोपऱ्याचा वास येतो, ही घाण तोंडात धरून तो नोकरी मागायला बसला, असं काय काय ते हिंदीत बोलत राहिले. नासीर एकदा म्हणाला, ‘‘अब्बा, सुई सोळाशेवर होती.’’ कोणी लक्ष दिलं नाही. त्याच्यावर विश्वास का ठेवावा असं कोणालाच वाटत नव्हतं, कारण ती किळस एकट्या माझी नव्हती. सगळ्यांच्या मनात ती आधीपासून तयार होती. मी फक्त तिला वाट करून दिली.

नंतर जेवणं झाली. चाचीनं माझं ताट वरून काढून पुसून माझ्यापुढं ठेवलं आणि भोपळ्याचा दालचा वाढला. तू तरी पोटभर खा बेटा, म्हणाली. मी खाल्ला. दोनदा मागून घेतला, कारण न खाल्लं तर कोणाला काही वाटेल. त्या भोपळ्याची गोडूस, चिंचेची आंबट चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि आजही कुठं दालच्याचा वास आला तर मी पान सोडून उठतो. बायको विचारायची, आता विचारत नाही.

जागा मला मिळाली. निघायच्या दिवशी नासीर माझी पेटी घेऊन बसस्टँडवर आला. चंद्रपूरहून येणारी नागपूरची एसटी उशिरा होती. तो पेटीवर बसून रस्त्याकडं बघत होता. मग म्हणाला, ‘‘दिव्या, तू दाब लावला होता नं?’’

‘‘लावला होता,’’ मी म्हणालो.

‘‘मंग मीच वाचायले चुकलो असन,’’ तो म्हणाला, आणि माझी पेटी बसच्या टपावर चढवली.

पुढं वर्षानुवर्षं मी त्या यंत्रांपाशीच काम केलं. आज शिकाऊ पायलटांना उतरायच्या पायऱ्या मी शिकवतो, आणि लोक म्हणतात की माझ्यासारखा दाबाच्या बाबतीत काटेकोर माणूस नाही. वारंट साहेब गेले. चाची गेली, तेव्हा मी भद्रावतीला गेलो नाही, कामाचं कारण सांगितलं. नासीरनं खर्रा सोडला असं कोणाकडून तरी कळलं होतं, आणि ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. म्हणजे झालं ते त्याच्या भल्याचंच झालं, असा हिशेब मी मांडला. स्वतःच्या ज्या गोष्टींची मला किळस येते त्यांत हे हायसं वाटणं फार वरती आहे. खोट्याला निदान भीतीचं निमित्त होतं. याला तेवढंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात यंत्रावर दोन मुलं बसली होती. एकानं म्हटलं, दाब. दुसऱ्यानं म्हटलं, लावला. त्याचा हात हललाच नव्हता. मी ते मागच्या काचेतून पाहिलं. मी यंत्र थांबवलं, आणि त्या मुलाला रागवायला बाहेर बोलावलं. तो मुलगा माझ्याकडं बघत होता आणि मला त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना. मी चार दिवसांची रजा टाकली आणि भद्रावतीची बस धरली.

दुकान तसंच होतं, व्हार्निशचा वास तसाच. समोरचा पानठेला आता पक्क्या गाळ्यात आला होता. पाटी जाऊन खर्रा घोटायचं मशीन आलं होतं, घस्स घस्स मात्र तेच. दाराच्या उजव्या कोपऱ्यातली भिंत पांढरी होती. नासीर मोटारीच्या खाचांत तार बसवत होता. केस पिकलेले. मला बघून त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि काम चालूच ठेवलं. मी बसलो, आणि इतकी वर्षं जुळवलेली सगळी वाक्यं सोडून एकदम म्हणालो की त्या दिवशी दाब मी लावलाच नव्हता.

‘‘मले ठाऊक आहे,’’ तो म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याचं तोंड नीट उघडत नाही. ओठ हलत होते, जबडा जागचा हलत नव्हता. ‘‘तू गेल्यावर कीबोर्ड साफ कराले काढला. बाकीची सारी बटनं तुह्या बोटानं चकाकून राह्यली होती. बी वरची साल तं जशीच्या तशी होती, मंजे ते बटन कवा दबलंच नोहोतं.’’

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस.

‘‘कोनाले सांगू? खर्रा खानाऱ्याचं कोन ऐकते?’’ तारेचा एक वेढा त्यानं बोटानं दाबून बसवला. ‘‘आन सोडलाबी नाई तवा. उलटा वाढवला. तोंड उघडनं बंद झालं तवा सोडला. आता पोळी बारीक करून खा लागते.’’

मी त्याची माफी मागायला लागलो. त्यानं हात वर करून थांबवलं, अगदी त्या दिवशी साहेबांना केली होती तशीच खूण. ‘‘मले नोको सांगू. मी तं कवाचाच समजलो. आत अब्बा आहेत. त्याईले अजूनबी वाटते का पोट्ट्यानं घान तोंडात धरून आपली जिंदगी थुकून टाकली. त्याईले सांग. जोरात सांग, ऐकू कमी येते आता.’’

मी आत गेलो. चाचा खाटेवर बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग चेहरा उजळला. दिवाकर, बेटा, म्हणाले, आणि सुनेला हाक मारून चहा सांगितला. त्यांच्या डोक्याच्या वर, भिंतीला तीच मांडणी होती. वरच्या कप्प्यावर मी मागं सोडून गेलेलं माझं ताट होतं, वाटी होती, गडवा होता, चकचकीत घासलेले. चाचीनं सुनेला सांगून ठेवलं होतं की ते दिवाकरचं आहे, त्यात दुसऱ्या कोणाला वाढायचं नाही. सुनेनं चहा आणताना हे सांगितलं, सहज.

चहाचा कप मी हातात घेतला, त्यांच्या घरचा, कान तुटलेला. मग खाली ठेवला आणि त्यांच्या खाटेपाशी जमिनीवर बसलो. बाहेर मशीन चालू होतं. दुकानातला तारेचा आवाज थांबला होता.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. एकदा याच घरात, असाच एका बहिऱ्या माणसाच्या कानाशी मी तोंड नेलं होतं. या वेळी मी मोठ्यानं बोललो, दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

‘‘चाचा, ते विमान मी पाडलं होतं. नासीरनं प्रत्येक उंची बरोबर सांगितली. बटण मी दाबलं नाही, आणि साहेबांना खोटं बोललो. तुमचा मुलगा चुकला नव्हता. मला माफ करा.’’